क्लार्कसाहेब नव्हे, क्लार्कबाई!

संध्याकाळी घरातले दिवे गेले, की आपल्याकडे आधी खिडकीतून डोकावून शेजारी काय स्थिती आहे ते पाहिले जाते. शेजारी उजेड असला, की घरातला जाणता माणूस गंभीर चेहरा करून सांगतो, की एक फेज गेली. बायकामुलांना फेज म्हणजे काय हे ठाऊक नसते, आणि खरे सांगायचे तर त्या जाणत्या माणसालाही ते फारसे ठाऊक नसते. पण निदान ऐकून सगळ्यांचे समाधान होते आणि मेणबत्तीचा शोध सुरू होतो.

या फेज नावाच्या प्रकरणावर माझे उभे आयुष्य गेले. वीजपुरवठ्याच्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढली. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर आणि लोकांच्या शिव्या हीच माझी मिळकत. या काळात एका माणसाच्या नावाशी माझा रोजचा संबंध होता. ते नाव म्हणजे क्लार्क. तीन फेजांचा तोल बिघडला तर काय होईल, याचे हिशेब करण्याच्या ज्या रीती आम्ही कॉलेजात शिकलो, त्यांतली एक या नावाने ओळखली जाते. पुस्तकांत नुसते आडनाव असे. त्यामुळे मी मनातल्या मनात त्यांना क्लार्कसाहेब म्हणत असे. डोळ्यांपुढे चष्मा लावलेला, पाइप ओढणारा, टक्कल पडलेला एक गोरा गृहस्थ यायचा. कित्येक वर्षे हा गृहस्थ माझ्या डोक्यात मुक्काम ठोकून होता.

हे क्लार्कसाहेब म्हणजे एक बाई होत्या, हे मला ज्या प्रसंगाने कळले तो माझ्या दृष्टीने काही भूषणावह नाही. तो पुढे सांगणारच आहे. पण आधी बाईंची गोष्ट.

एडिथ क्लार्क यांचा जन्म १० फेब्रुवारी १८८३ चा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एलिकॉट सिटी नावाच्या गावाजवळच्या शेतावर त्या जन्मल्या. वडील वकील. घरात नऊ भावंडे. शेजारच्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा ही मुलगी तीन वर्षांची होती. एडिथ सात वर्षांची असताना वडील गेले आणि बाराव्या वर्षी आई गेली. मोठ्या बहिणीने तिला सांभाळले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा मुलीचे एक चांगले घर बघून लग्न करून देणे हाच मार्ग होता. वयात आल्यावर आईवडिलांच्या मालमत्तेतला थोडाफार वाटा तिच्या हाती आला. तो तिने दागदागिन्यांत किंवा जमिनीत न घालता शिक्षणात घातला. व्हासार या मुलींच्या नामांकित कॉलेजात गणित आणि खगोलशास्त्र घेऊन ती १९०८ मध्ये पदवीधर झाली. तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती.

पुढे काय, तर मास्तरकी. शिकलेल्या बाईला तेवढाच एक दरवाजा उघडा होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका खाजगी शाळेत आणि मग वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्शल कॉलेजात त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले. पण मन लागेना. १९११ मध्ये शिकवणे सोडून त्या विस्कॉन्सिन विद्यापीठात स्थापत्य अभियांत्रिकी शिकायला गेल्या. एक वर्ष झाले आणि १९१२ च्या उन्हाळ्यात सुटीपुरते काम म्हणून त्या अमेरिकन टेलिफोन कंपनीत लागल्या. हुद्दा होता कॉम्प्युटर!

आजच्या मुलांना हे वाचून हसू येईल. पण त्या काळी कॉम्प्युटर हे यंत्राचे नाव नव्हते, माणसाच्या कामाचे नाव होते. इंजिनिअरांनी समीकरणे मांडायची आणि या मंडळींनी दिवसभर आकडेमोड करून उत्तरे काढून द्यायची. बहुधा हे काम बायकांकडे असे. क्लार्कबाईंचे वरिष्ठ होते जॉर्ज कॅम्बेल. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांचे गणित बसवणारा हा मोठा माणूस. त्यांच्या हाताखाली बाई इतक्या रमल्या की उन्हाळा संपला तरी परत गेल्याच नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्या अशा गणितज्ञ मुलींच्या एका गटाच्या प्रमुख होत्या.

लांबलचक तारेतून वीज कशी वाहते, याचे गणित त्यांच्या हाताखालून रोज जात होते. पण ते मांडण्याचा मान दुसऱ्यांचा, आणि आपल्या वाट्याला फक्त बेरीज-गुणाकार, हे त्यांना डाचत असणार. १९१८ मध्ये नोकरी सोडून त्या एमआयटी या विख्यात संस्थेत विद्युत अभियांत्रिकी शिकायला गेल्या. वय पस्तीस. पुढच्याच वर्षी त्या विषयातली मास्टर्स पदवी त्यांनी मिळवली. एमआयटीतून ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

त्याच १९१८ सालात, जून महिन्याच्या २८ तारखेला, अटलांटिक सिटी या गावी विद्युत अभियंत्यांच्या परिषदेत चार्ल्स फोर्टेस्क्यू नावाच्या गृहस्थांनी एक प्रबंध मांडला. हे फोर्टेस्क्यू मूळचे कॅनडाचे. हडसनच्या उपसागराकाठी लोकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या ठाण्यावर १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला, आणि आता ते वेस्टिंगहाउस कंपनीत होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता रेल्वेचा. विजेवर चालणारी आगगाडी तिन्ही फेजांवर सारखा भार टाकत नाही, त्यामुळे जनित्रांचा तोल बिघडतो. या लंगड्या कारभाराचे गणित कसे करायचे? त्यावर त्यांनी जे उत्तर काढले, ते छापून झाले तेव्हा चर्चेसह शंभराहून अधिक पाने भरली.

ते उत्तर काय होते, हे मी आपल्या पद्धतीने सांगतो. गणित नको, आपले रिंगण बरे.

कल्पना करा, की अंगणात एक वर्तुळ आखले आहे आणि त्यावर तीन मुले सारख्या अंतरावर, सारख्या वेगाने धावत आहेत. हा आपला थ्री फेज पुरवठा. तीन तारांमधली वीज अशीच एकमेकींच्या मागे सारखे अंतर ठेवून, सेकंदाला ५० फेऱ्या मारत असते. सगळे समतोल असेल तर तिघांची ओढ एकमेकांत जिरते आणि मधला खुंटा, म्हणजे न्यूट्रल, स्वस्थ राहतो. आता एका मुलाच्या पायात काटा मोडला. रिंगण वेडेवाकडे झाले. प्रत्येकाची चाल वेगळी, हिशेब करायचा कुणाचा आणि कसा?

फोर्टेस्क्यूंनी दाखवले, की तिघांचे रिंगण कितीही लंगडे असले, तरी ते तीन निर्दोष रिंगणांची बेरीज म्हणून मांडता येते. पहिल्या रिंगणातली तिन्ही मुले नेहमीच्या दिशेने धावतात. दुसऱ्यातली उलट्या दिशेने. तिसऱ्यातली तिघेही एकमेकांना चिकटून, एका पावलाने, एकदम पुढे आणि एकदम मागे होतात. इंजिनिअरांच्या भाषेत यांना पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झीरो सिक्वेन्स म्हणतात. आपण धनक्रम, ऋणक्रम आणि शून्यक्रम म्हणू. एका अवघड गणिताची तीन सोपी गणिते झाली. ती वेगवेगळी सोडवायची आणि शेवटी उत्तरांची बेरीज करायची. एवढीच युक्ती. पण गेली शंभर वर्षे जगातल्या वीजजाळ्यांचे रक्षण या युक्तीवर चालले आहे. आपल्याकडच्या २५ हजार व्होल्टवर धावणाऱ्या रेल्वेगाड्याही वीजजाळ्यावर असाच एकांगी भार टाकतात, आणि त्याचा हिशेब आजही याच रीतीने होतो.

पण युक्ती सापडणे वेगळे आणि ती रोजच्या कामात उतरवणे वेगळे. ते काम ज्यांनी केले, त्यांत क्लार्कबाईंचे नाव फार वरचे आहे.

अर्थात ते लगेच घडले नाही. एमआयटीची पदवी हातात घेऊन बाई इंजिनिअरची नोकरी शोधू लागल्या, तेव्हा ती त्यांना कोणीही देईना. शेवटी १९१९ मध्ये स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने घेतले, पण पुन्हा कॉम्प्युटर मुलींची प्रमुख म्हणूनच. टर्बाइनच्या पात्यांवर किती ताण येतो, याची आकडेमोड करायची. हुद्दा आणि पगार पुरुष इंजिनिअरांपेक्षा कमी. फावल्या वेळात त्यांनी एक साधन तयार केले. लांब वीजवाहिन्यांची समीकरणे भयंकर किचकट असतात. बाईंनी आलेखाच्या कागदावर फिरणाऱ्या पट्टीची अशी काही मांडणी केली, की ती उत्तरे दहापट लवकर निघू लागली. १९२१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२५ मध्ये ते मिळाले.

इतके करूनही हुद्दा बदलेना, तेव्हा १९२१ मध्ये त्या सरळ कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला निघून गेल्या. तिथल्या मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागल्या. महायुद्ध हरलेल्या तुर्कस्तानच्या त्या राजधानीत तेव्हा परकी फौजा होत्या. अशा शहरात एक अडतीस वर्षांची एकटी बाई आगबोटीने जाऊन राहते, याला काय म्हणावे? त्यांच्या स्वभावाची ओळख मला या एका गोष्टीतून जास्त पटते. भांडण नाही, आकांडतांडव नाही. इथे जागा नाही ना, मग जग पाहून येते!

वर्षभराने कंपनीला जाग आली. १९२२ मध्ये बाई परतल्या त्या इंजिनिअर म्हणून. वीजकेंद्रांचे काम पाहणाऱ्या विभागात त्यांना विद्युत अभियंत्याचा रीतसर हुद्दा मिळाला. अमेरिकेत अशी नेमणूक मिळालेल्या त्या पहिल्याच महिला मानल्या जातात. पदवीपासून इथवर यायला चौदा वर्षे लागली होती.

मग मात्र मागे पाहिले नाही. ८ फेब्रुवारी १९२६ रोजी, म्हणजे त्रेचाळिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, त्या अमेरिकेच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रबंध वाचायला उभ्या राहिल्या. त्या संस्थेपुढे प्रबंध वाचणारी ही पहिली स्त्री. विषय होता, लांब वाहिनीतून किती वीज ढकलली तर दोन टोकांची यंत्रे एकमेकांशी पाऊल जुळवून राहतील आणि कोणत्या टोकाला ती सुटतील. तेव्हा वाहिन्या शेकडो मैल लांबत चालल्या होत्या आणि हा प्रश्न सगळ्यांच्याच गळ्याशी आला होता. १९३२ आणि १९४१ मध्ये त्यांच्या प्रबंधांना संस्थेची बक्षिसेही मिळाली.

प्रतिस्पर्धी कंपनीतल्या फोर्टेस्क्यूंची तीन रिंगणांची रीत बाईंनी आपलीशी केली, आणि तिच्यात सुधारणाही केली. त्यांनी आणखी एक मांडणी पुढे आणली. तिच्यात एकमेकींशी काटकोनात असलेले दोन घटक आणि तिसरा शून्यक्रम, अशी वाटणी असते. त्यांना आल्फा, बीटा आणि शून्य म्हणतात. काही प्रश्न या वाटेने फार सोपे होतात. कंपनीतल्या तरुण इंजिनिअरांना त्या हे सारे शिकवत. त्या टिपणांमधून एक ग्रंथ तयार झाला. प्रत्यावर्ती वीजजाळ्यांच्या विश्लेषणावरचा त्याचा पहिला खंड १९४३ मध्ये आणि दुसरा १९५० मध्ये निघाला. पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. या ग्रंथाची एक जीर्ण प्रत आमच्या कार्यालयातल्या कपाटातही होती.

आता माझी गोष्ट सांगतो.

१९८० च्या दशकातली ही हकीकत. मी एका तालुक्याच्या गावी साहेब होतो. माझ्या हाताखाली एक तरुण मुलगी कनिष्ठ अभियंता म्हणून आली. हुशार, अबोल. मी तिला जागेवरचे काम दिले नाही. खांबावर चढणारी माणसे बाईचे ऐकणार नाहीत, रात्रीबेरात्री कुठे पाठवायचे, असे माझे म्हणणे. त्यात मला तिची काळजीच वाटत होती, असे मी स्वतःला सांगत असे. टेबलाशी बसवून तिला हिशेब दिले. माझ्या लक्षात आले नाही, की १९१२ मध्ये अमेरिकेत हेच चालले होते. मी तिला कॉम्प्युटर करून टाकले होते.

गणपतीच्या दोन दिवस आधी बाजारपेठेचा ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा यायला आठवडा लागणार. गाव अंधारात, मंडळांचे कार्यकर्ते कचेरीच्या दारात. भांडारात तीन सुटे एकफेजी ट्रान्सफॉर्मर पडलेले होते. मी ठरवले, की तीन जुळवून काम भागवू. दोन्ही बाजूंना स्टार जोडणी, पाटीवरचा इम्पीडन्सचा टक्का व्यवस्थित, क्षमताही पुरेशी. झाले!

त्या मुलीने मला एक कागद आणून दिला. दोन पानी हिशेब, खाली संदर्भ क्लार्कच्या ग्रंथाचा. तिचे म्हणणे असे होते, की पाटीवरचा टक्का धनक्रमाचा असतो. ट्रान्सफॉर्मर हे काही फिरणारे यंत्र नाही, त्याला रिंगण उजवीकडून चालले काय नि डावीकडून चालले काय, सारखेच. म्हणून ऋणक्रमाचा अडथळाही तेवढाच. पण शून्यक्रमाची गोष्ट निराळी. तो अडथळा पाटीवर वाचता येत नाही. तो जोडणीवर आणि आतल्या लोखंडाच्या घडणीवर ठरतो.

हे जरा समजावून सांगायला हवे. नेहमीच्या वितरण ट्रान्सफॉर्मरला ११ हजार व्होल्टच्या बाजूला डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणी असते. घरांच्या बाजूला एका फेजवर जास्त भार पडला, की एका पावलाने चालणारा तो शून्यक्रमाचा प्रवाह उत्पन्न होतो. त्याला तोलून धरणारा प्रवाह वरच्या बाजूच्या त्रिकोणात गोल गोल फिरत राहतो. जणू माजघरातला वाद माजघरातच मिटतो, ओसरीवर येत नाही. त्यामुळे अडथळा कमी राहतो आणि दिवे शांत जळतात. दोन्हीकडे स्टार असेल आणि वरच्या स्टारचा मधला बिंदू कशालाच बांधलेला नसेल, तर या प्रवाहाला तोलणारा जोडीदारच मिळत नाही. तिन्ही फेज एका खोक्यात, तीन खांबांच्या एका लोखंडी गाभ्यावर असतील, तर थोडे तरी निभावते. कारण तिन्ही खांबांतले चुंबकत्व एकाच वेळी वर जाऊ लागले, की त्याला परतायला लोखंडातून वाट उरत नाही. ते तेलातून आणि टाकीच्या पत्र्यातून कसेबसे परतते. म्हणून ते जोर धरत नाही. टाकी तापते, पण अडथळा बेताचा राहतो. तीन सुट्या ट्रान्सफॉर्मरांत मात्र प्रत्येकाला स्वतःचा लोखंडी रस्ता पूर्ण असतो. तिथे शून्यक्रमाचा अडथळा प्रचंड होतो. अशा वेळी न्यूट्रल जागेवर राहत नाही. जास्त भाराच्या फेजकडे तो सरकत जातो. त्या फेजवरचे दिवे मंदावतात आणि बाकीच्या दोन फेजांवर व्होल्टेज चढते.

मुलीचा निष्कर्ष एका ओळीचा होता. भार तिन्ही फेजांवर अगदी सारखा राहणार नसेल, तर ही जोडणी करू नये, डेल्टा असलेला ट्रान्सफॉर्मर येईपर्यंत थांबावे.

मी कागद वाचला, म्हणजे चाळला. क्लार्कसाहेबांचे पुस्तक परीक्षेला ठीक आहे, गावात गणपती आहेत, असे काहीतरी मी बोललो आणि कागद फायलीत लावून टाकला. ट्रान्सफॉर्मर चढले, बाजारपेठ उजळली, मंडळांनी मला नारळ दिला.

दुसऱ्या रात्री आरतीच्या सुमाराला मोठ्या मंडळाने सगळी रोषणाई सुरू केली, ती अर्थातच एकाच फेजवरून. मंडपातले दिवे पिवळे पडले आणि मागच्या दोन आळ्यांतले बल्ब पांढरेशुभ्र होऊन फुटू लागले. लाइनमनने मीटर लावला, तर २३० च्या जागी ३०० च्या आसपास व्होल्टेज. पुरवठा तोडेपर्यंत त्या दोन आळ्यांतले टीव्ही, रेडिओ, फ्रिज जळून गेले होते. एका शिंपीकाम करणाऱ्या विधवा बाईंनी हप्त्यावर घेतलेली शिलाई मशीनची मोटर त्यात गेली. त्या बाई दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या. भांडल्या नाहीत. मोटर टेबलावर ठेवली आणि गप्प उभ्या राहिल्या. माणूस दगावला नाही, ही देवाची कृपा.

चौकशी झाली. कारण लिहिले गेले, अचानक वाढलेला भार. खाली सही माझी. त्या मुलीचा कागद फायलीत होता, तो कोणी मागितला नाही आणि मी दाखवला नाही.

त्या रात्री कचेरीत एकटा बसलो असताना मी कपाटातून तो ग्रंथ काढला. कागदावर दिलेला संदर्भ शोधायचा होता. पहिले पान उघडले आणि नाव पूर्ण वाचले. एडिथ. दोनदा वाचले. मी ज्याला साहेब म्हणत होतो ती एक बाई होती, आणि जिचा कागद मी बाजूला सारला तीही बाईच होती. माझ्या पिढीच्या डोळ्यांवर कसले झापड होते, ते त्या क्षणी मला दिसले. बाईंचे गणित आम्ही खुशाल वापरत होतो. समोर बसलेल्या बाईचे गणित मात्र वाचायची आमची तयारी नव्हती.

दुसऱ्या आठवड्यापासून मी त्या मुलीला जागेवरचे काम दिले. खांबावर चढणारी माणसे तिचे ऐकणार नाहीत, ही माझी भीतीही खोटी ठरली. चार महिन्यांत ते तिला विचारल्याशिवाय फ्यूज बांधेनात. पण तिची माफी मी तेव्हा मागितली नाही. साहेब माफी मागत नसतात, असा त्या काळचा रिवाज होता आणि तो मला सोयीचा होता.

असो. क्लार्कबाईंकडे वळतो. १९४५ मध्ये, बासष्टाव्या वर्षी, त्या कंपनीतून निवृत्त झाल्या आणि मेरीलँडमध्ये शेतावर राहायला गेल्या. आपल्याकडे निवृत्तीनंतर माणूस नातवंडे आणि देवदर्शन यांत रमतो. बाई दोन वर्षांत शेतीला कंटाळल्या म्हणा किंवा गणिताने परत बोलावले म्हणा, १९४७ मध्ये टेक्सास विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकवायला निघाल्या. वय चौसष्ट! अमेरिकेत या विषयाच्या प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या महिला. १९४८ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्यांना फेलो केले, तोही मान स्त्रीला पहिल्यांदाच. १९५४ मध्ये महिला अभियंत्यांच्या संस्थेने त्यांचा गौरव केला. १९५६ पर्यंत, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्या शिकवत होत्या. २९ ऑक्टोबर १९५९ रोजी त्या गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मानदालनात त्यांचे नाव लागले. पेटंटच्या अर्जाला तेव्हा चौऱ्याण्णव वर्षे होऊन गेली होती.

त्या ज्या वर्षांत आपला ग्रंथ छापत होत्या, साधारण त्याच सुमाराला आपल्या देशात मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजातून ए. ललिता नावाची मुलगी विद्युत अभियंता होऊन बाहेर पडत होती. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. पुढे कलकत्त्याच्या एका कंपनीत त्यांनी वीजवाहिन्या आणि उपकेंद्रांचे आराखडे केले, भाक्रा-नांगलच्या कामातही त्यांचा हात लागला. दोन बाया, दोन खंड. दोघींनाही घरचा आधार फार लवकर तुटल्यावर उभे राहावे लागले होते. आमच्या कॉलेजात मात्र दोघींविषयी एक अक्षर कोणी सांगितले नाही.

क्लार्कबाईंची आल्फा-बीटा मांडणी आज वीजजाळ्यापुरती उरलेली नाही. तीन फेजांच्या मोटरचा वेग आणि जोर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नेमका राखायचा, तर आतली चिप सेकंदाला हजारो वेळा हेच रूपांतर करते. विजेवरच्या मोटारी, मेट्रोच्या गाड्या, कारखान्यांतली यंत्रे, सगळीकडे ते चालू असते. आता कॉम्प्युटर म्हणजे खरोखरच यंत्र झाले, आणि ते यंत्र एका जुन्या कॉम्प्युटर बाईंचे गणित करत बसले आहे.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी मी त्या मुलीला फोन केला. मुलगी कसली, आता तीही माझ्यासारखी निवृत्त आहे, माझ्यापेक्षा वरच्या हुद्द्यावरून. गणपतीच्या त्या कागदाबद्दल मी माफी मागितली. तिला कागद आठवत होता, आकड्यांसकट. मी विचारले, की क्लार्क ही बाई आहे हे तुला तेव्हा माहीत होते का? ती म्हणाली, की पहिल्या दिवसापासून माहीत होते. मग मला साहेब म्हणताना ऐकूनही कधी सांगितले कसे नाही? त्यावर ती हसली. सांगितले असते तर मी तो कागद तेवढाही वाचला नसता, असे तिला वाटले होते.

मला यावर काही बोलता आले नाही. तिचा अंदाज चुकीचा नव्हता.